आधी निवारा, मग उपचार: मानसिक आघाताविषयी बाडेन-व्युर्टेम्बर्गचा अनुभव काय सांगतो?

स्टुटगार्टहून निघणारी यू-६ ही ट्राम पश्चिमेला जिथे संपते, ते गेर्लिंगेन हे जेमतेम वीस हजार वस्तीचे शहर. शहरालगतच्या शिलरह्योहे या टेकडीवर बॉश या उद्योगसमूहाचे मुख्यालय आहे. नाशिककरांना ‘मायको’ या जुन्या नावाने ठाऊक असलेला सातपूरचा कारखाना याच समूहाचा. त्यामुळे गेर्लिंगेन हे नाव स्टुटगार्ट परिसरातील मराठी अभियंत्यांच्या बोलण्यात सहज येते. सप्टेंबर २०२५ मध्ये बॉशने वाहनविषयक विभागातील आणखी सुमारे १३ हजार पदे कमी करण्याचा निर्णय जाहीर केला आणि त्याचा मोठा भार याच परिसरातील कारखान्यांवर पडणार हे स्पष्ट झाले. तेव्हापासून येथील संभाषणांत एक शब्द वारंवार ऐकू येतो, तो म्हणजे ‘ट्रॉमा’.

हा शब्द आता इतका सैल झाला आहे की कडक वरिष्ठापासून फसलेल्या मुलाखतीपर्यंत सर्वत्र तो वापरला जातो. नोकरी जाण्याची भीती ही खरी यातना आहे. तिच्यामुळे झोप उडते, नैराश्य येऊ शकते आणि त्यावर उपचारही घ्यावेत. परंतु वैद्यकशास्त्र ज्याला मानसिक आघात म्हणते तो निराळा. प्राणावर बेतणे, गंभीर इजा, लैंगिक अत्याचार, डोळ्यांदेखत झालेला मृत्यू अशा अनुभवांनंतर जे मनात अडकून राहते, त्याच्याशी त्याचा संबंध आहे. हा भेद शब्दच्छलासाठी नाही. सगळ्यालाच आघात म्हटले की ज्यांना खरोखर आघातोपचाराची गरज आहे, त्यांचा आवाज गर्दीत हरवतो. आणि ज्यांना साध्या आधाराची गरज आहे, ते चुकीच्या दारात ताटकळत राहतात.

संग्रहालयातील शांतता

गेर्लिंगेनची आणखी एक ओळख आहे, जी तेथे काम करणाऱ्या बहुतेक भारतीयांना ठाऊक नसते. दुसऱ्या महायुद्धानंतर, जानेवारी १९४६ पासून, हंगेरीतील जर्मनभाषकांना घरेदारे सोडून मालगाड्यांतून जर्मनीत पाठवण्यात आले. सुमारे दोन लाख लोक अशा रीतीने विस्थापित झाले आणि त्यांतील अनेकजण व्युर्टेम्बर्गच्या गावांत वसले. गेर्लिंगेनने पुढे या समाजाचे पालकत्व स्वीकारले, आणि शहराच्या संग्रहालयात त्यांच्या जीवनाचे दालन आजही आहे.

त्या पिढीला घर मिळाले, काम मिळाले, यथावकाश पेन्शनही मिळाली. मनाचे काय झाले, हे मात्र कोणी विचारले नाही. विचारण्यासाठी शब्दही नव्हता. आघातोत्तर तणावविकार हे निदान अमेरिकेच्या मनोविकार-वर्गीकरणात १९८० साली आले. युद्धकाळात बालपण गेलेल्या जर्मन पिढीविषयी गेल्या काही दशकांत जे लिहिले गेले, त्यातून एक गोष्ट पुढे आली: त्या लोकांनी सोसले, कष्ट केले, मुले वाढवली, आणि साठी-सत्तरीत, निवृत्तीच्या निवांतपणात, बालपणीचे प्रसंग स्वप्नात परतू लागले. काळ हेच औषध असते, तर ते इतक्या वर्षांनी परतले नसते.

झालं गेलं गंगेला मिळत नाही तेव्हा

मराठीत या अवस्थेसाठी शब्दांची कमतरता नाही. माणूस धसका घेतो, हाय खातो, एखादी गोष्ट त्याच्या मनात घर करते. ‘धसका’ हा शब्द तर रोगनिदानाच्या जवळ जाणारा आहे: प्रसंग संपला तरी शरीर अजून त्यातच आहे, हे तो अचूक सांगतो. उणीव आहे ती धसक्यावर उपचार असतो या विश्वासाची. आपल्याकडची शिकवण ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ अशी आहे, आणि बहुतेक वेळा ती चुकीचीही नाही. भयंकर प्रसंगातून गेलेली बहुसंख्य माणसे काही आठवड्यांत, आप्तांच्या आधाराने, स्वतःहून सावरतात. म्हणूनच प्रसंगानंतर लगेच प्रत्येकाला बसवून सारे तपशील बोलायला लावणे आज योग्य मानले जात नाही. अशा एकाच बैठकीच्या सक्तीच्या उजळणीने विकार टळत नाही, असे अभ्यासांत आढळले आहे. प्रारंभी हवी असते ती सुरक्षितता, माहिती, झोप, ओळखीची माणसे.

काहींच्या बाबतीत मात्र प्रसंग भूतकाळ होतच नाही. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची २०२२ पासून लागू झालेली अकरावी आवृत्ती तीन खुणा सांगते: प्रसंग वर्तमानात घडत असल्यासारखा पुन्हा अनुभवणे, त्याची आठवण करून देणारे सारे टाळणे, आणि धोका अजून टळलेला नाही अशा सावधपणात जगणे. या खुणा कित्येक आठवडे टिकल्या आणि जगणे अडू लागले, तर ते निदान ठरते. दीर्घकाळ चाललेल्या छळानंतरचा जटिल प्रकार आणि महिनोन्‌महिने न शमणारा शोक यांनाही या आवृत्तीत स्वतंत्र स्थान मिळाले आहे.

उपचाराचे तत्त्व टाळाटाळीच्या नेमके उलट आहे. ज्या आठवणीपासून मन पळते, तिच्याकडे सुरक्षित जागी, प्रशिक्षित माणसाच्या सोबतीने, हळूहळू परत जायचे. तिला आरंभ, मध्य आणि शेवट द्यायचा. आणि तो शेवट झाला आहे हे शरीराला पटवायचे. आघातकेंद्रित वर्तनोपचार हेच करतो. डोळ्यांच्या हालचालींचा उपयोग करणारी ईएमडीआर ही पद्धतही त्याच वाटेने जाते, आणि प्रौढांच्या आघातोत्तर विकारासाठी जर्मनीच्या सार्वजनिक आरोग्यविम्याने २०१५ पासून तिला मान्यता दिली आहे. बाडेन-व्युर्टेम्बर्गमधीलच कॉन्स्टान्झ विद्यापीठात मॅगी शाउअर, फ्रांक नॉयनर आणि थॉमस एल्बर्ट यांनी विकसित केलेली कथनाधारित पद्धत अधिक थेट आहे. रुग्णापुढे एक दोरी पसरली जाते. ती त्याचे आयुष्य. तिच्यावर सुखाच्या प्रसंगांसाठी फुले आणि आघातांसाठी दगड ठेवले जातात. मग एकेका दगडापाशी थांबून त्याची गोष्ट सांगायची, लिहून घ्यायची. निर्वासितांच्या छावण्यांतही वापरता यावी, या विचाराने ही पद्धत घडली.

एका राज्याने घेतलेला निर्णय

या उपचाराला राजकीय निर्णयाची जोड मिळाली की काय होते, याचे ठळक उदाहरण याच राज्याचे आहे. ३ ऑगस्ट २०१४ रोजी ‘इस्लामिक स्टेट’ने उत्तर इराकमधील सिंजार प्रदेशावर हल्ला केला. यझिदी पुरुषांची कत्तल झाली, हजारो स्त्रिया आणि मुलांना गुलाम म्हणून नेण्यात आले. मुख्यमंत्री विनफ्रीड क्रेचमन यांच्या सरकारने कैदेतून सुटलेल्या स्त्रिया व मुलांसाठी विशेष कोटा जाहीर केला. मिशाएल ब्लूमे यांच्याकडे प्रकल्पाची धुरा होती आणि मानसशास्त्रज्ञ यान इल्हान किझिलहान यांनी इराकमध्ये जाऊन मुलाखती घेतल्या. २०१५ आणि २०१६ च्या आरंभापर्यंत सुमारे १,१०० जण जर्मनीत आले. त्यांतील सुमारे १,००० बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये. २०१८ साली शांततेचे नोबेल मिळालेल्या नादिया मुराद याच प्रकल्पातून आल्या होत्या. योगायोग असा, की महाराष्ट्र आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग यांच्यातील भागीदारीचा करारही त्याच २०१५ सालचा.

या प्रकल्पाकडे पाहताना दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात. पहिली अशी, की आल्याआल्या सगळ्यांनी उपचार सुरू केले, असे झाले नाही. आधी घर, मुलांची शाळा, भाषेचे वर्ग, सुरक्षिततेसाठी गुप्त ठेवलेले पत्ते. मन उघडण्याची तयारी त्यानंतर. अनेकींच्या दृष्टीने ‘मनाचा डॉक्टर’ ही कल्पनाच परकी होती, आणि दुःख डोकेदुखी, छातीतील कळ, पोटदुखी अशा शरीराच्या भाषेतून बोलत होते. दुसरी गोष्ट अधिक कठोर आहे. आई किंवा भाऊ अजून बेपत्ता असताना आघात ‘संपला’ असे कोणत्या तोंडाने सांगायचे? उपचार भूतकाळाला शेवट देऊ शकतो. जे अजून घडतेच आहे, त्याला तो शेवट देऊ शकत नाही.

म्हणूनच पुढचा विरोधाभास बोचरा आहे. १९ जानेवारी २०२३ रोजी जर्मन संसदेने यझिदींवरील अत्याचारांना नरसंहार म्हणून मान्यता दिली. त्यानंतरही, या विशेष कोट्याबाहेर आलेल्या काही यझिदींचे आश्रय-अर्ज फेटाळले गेले आणि काहींना इराकला परत पाठवण्यात आले. परतपाठवणीची टांगती तलवार डोक्यावर असताना आघातोपचार करणे म्हणजे आग विझण्याआधी भिंतींना रंग देणे. प्रकल्पातून जे टिकाऊ निघाले, ते वेगळेच: किझिलहान यांच्या पुढाकाराने इराकमधील दुहोक विद्यापीठात आघात-मानसशास्त्राची संस्था उभी राहिली, आणि तेथील उपचारक तेथील भाषेत घडू लागले.

किल्लारीत काय राहून गेले

मराठी वाचकाला येथे किल्लारी आठवल्याशिवाय राहणार नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. गणेश विसर्जन आटोपून गावे नुकती झोपली होती. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसे गेली. जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. आपत्तीनंतरच्या घरबांधणीचे ते देशातील मोठे उदाहरण ठरले. भूकंपानंतर लवकरच झालेल्या एका लहान वैद्यकीय पाहणीत, तपासलेल्या वाचलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांना मानसिक विकार आढळला होता. काही मनोविकारतज्ज्ञ आणि स्वयंसेवक तेथे पोहोचलेही. परंतु घरांसाठी जशी दीर्घ मुदतीची योजना झाली, तशी मनांसाठी झाली नाही. गेर्लिंगेनमध्ये वसलेल्या विस्थापितांची आणि नव्या गावठाणात राहायला गेलेल्या भूकंपग्रस्तांची गोष्ट येथे एकमेकींना मिळते: छप्पर आवश्यक असते, पण पुरेसे नसते.

तेव्हापासून महाराष्ट्रात बदल झालाच नाही असे नाही. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ठाण्यात सुरू केलेल्या ‘आयपीएच’ या संस्थेने मनाच्या आरोग्याविषयी मराठीत बोलण्याची सवय लावली. २०१७ च्या कायद्याने मानसिक आरोग्यसेवा हा हक्क ठरला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये १४४१६ या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ ही सेवा सुरू झाली. तरीही २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, वेगवेगळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नव्हता. परदेशी गेलेला मराठी माणूस याच अनुभवातून घडलेला असतो. तो देश बदलतो, पण उपचाराविषयीचा संकोच सोबत नेतो.

जर्मनीत दारे आहेत, ती कोणती?

२०२४ अखेर जर्मनीत सुमारे २ लाख ८० हजार भारतीय नागरिक राहत होते. त्यांतील कमावत्या वर्गाचा दरमहा विमाहप्ता कापला जातो. पण त्या हप्त्यात मानसोपचाराचा हक्क अंतर्भूत आहे, हे अनेकांना ठाऊक नसते.

पहिले दार म्हणजे ११६११७ हा क्रमांक. या केंद्राने चार आठवड्यांच्या आत मानसोपचारकाशी प्राथमिक सल्लाभेट मिळवून द्यायची असते. तातडीच्या उपचाराची शिफारस असल्यास दोन आठवड्यांत. या भेटीनंतर ‘पीटीव्ही ११’ नावाचा कागद मिळतो. तो जपून ठेवावा. अल्पकालीन उपचार १२ अधिक १२ बैठकांचा असतो. दीर्घ वर्तनोपचार ६० आणि गरजेनुसार ८० बैठकांपर्यंत जाऊ शकतो. खरी अडचण सल्लाभेट आणि नियमित उपचार यांच्यामध्ये आहे. मानसोपचारकांच्या संघीय मंडळाने २०१८ साली केलेल्या पाहणीत पहिल्या चौकशीपासून उपचार सुरू होईपर्यंत सरासरी २० आठवडे लागत असल्याचे दिसले होते. विमामान्य उपचारकांकडे वाजवी मुदतीत जागा नसल्याचे दाखवता आले, तर खासगी परवानाधारक उपचारकाचा खर्च मिळावा म्हणून विमाकंपनीकडे अर्ज करता येतो. नकार देणाऱ्या उपचारकांची नावे, तारखा आणि तो ‘पीटीव्ही ११’ हे त्या अर्जाचे पुरावे.

दुसरे दार अपघातविम्याचे. कामावर किंवा कामाच्या वाटेवर अपघात झाला, तर व्यावसायिक अपघातविमा संस्था मानसोपचाराची व्यवस्था स्वतंत्रपणे आणि लवकर करते. शाळाही याच छत्राखाली येतात. ११ मार्च २००९ रोजी स्टुटगार्टजवळच्या विनेंडेन येथील शाळेत सुरू झालेल्या गोळीबारात हल्लेखोराखेरीज १५ जणांचा बळी गेला. त्यानंतर विद्यार्थी आणि शिक्षकांना दीर्घकाळ मानसशास्त्रीय आधार देण्याची जी यंत्रणा उभी राहिली, तिचा अनुभव या परिसराने पुढेही जपला.

तिसरे दार सर्वांत कमी परिचयाचे आहे. १ जानेवारी २०२४ पासून पूर्णपणे लागू झालेल्या सामाजिक भरपाई कायद्यानुसार हिंसाचाराच्या बळींना ‘ट्राउमाअँबुलान्झ’ म्हणजे आघात-बाह्यरुग्ण विभागात प्रौढांसाठी १५ आणि मुलांसाठी १८ बैठकांपर्यंत त्वरित साहाय्य मिळू शकते. घरगुती हिंसाचार, गंभीर मानसिक हिंसा आणि पाठलाग हेही त्यात येऊ शकतात, आणि हा हक्क नागरिकत्वावर अवलंबून नाही. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या, भाषा न येणाऱ्या, घरातच कोंडल्या गेलेल्या स्त्रीसाठी या तरतुदीचे मोल किती, हे सांगायला नको. ११६ ०१६ या मदतक्रमांकावर अनेक भाषांतून बोलता येते.

दारापाशी पाय का अडतात?

पहिली भीती नोंदीची. आजारपणाच्या रजेच्या प्रमाणपत्रात मालकाला निदान कळत नाही. उपचारकाने गुपित फोडणे हा जर्मन दंडविधानाच्या कलम २०३ खाली गुन्हा आहे. आजारपण हे स्वतःहून निवासपरवाना रद्द होण्याचे कारण नाही. मालक सहा आठवडे पगार देतो आणि त्यानंतर सार्वजनिक विम्याचा आजारपण-भत्ता सुरू होतो. परंतु ही भीती सर्वस्वी निराधारही नाही. काम करण्याची क्षमता गमावल्यास संरक्षण देणारा खासगी विमा किंवा खासगी आरोग्यविमा घेताना मागील उपचारांविषयी प्रश्न विचारले जातात. उत्तर लपवणे पुढे महागात पडते. तरुण व्यावसायिक याच हिशेबाने उपचार लांबवतात. विम्याच्या अटींनी आजारी माणसाला उपचारापासून दूर ठेवावे, हा व्यवस्थेतील दोष आहे आणि त्यावर सार्वजनिक चर्चा व्हायला हवी.

दुसरी अडचण भाषेची. कार्यालयात उत्तम जर्मन बोलणारा माणूसही आईच्या मृत्यूविषयी जर्मनमध्ये रडू शकत नाही. एप्रिल २०२१ च्या अखेरीस जर्मनीने भारताला विषाणू-उत्परिवर्तन क्षेत्र घोषित केले, तेव्हा कित्येकांनी आईवडिलांचे अंत्यसंस्कार मोबाइलच्या पडद्यावर पाहिले. खांदा दिला नाही, दहाव्याला काकस्पर्श पाहिला नाही, पिंडदानाला बसता आले नाही. तो शोक आज पुष्कळांच्या मनात अर्धवट आहे. सार्वजनिक विमा दुभाष्याचा खर्च देत नाही. तो द्यावा असे २०२१ च्या आघाडी सरकारच्या करारात होते, पण सरकार कोसळेपर्यंत ते घडले नाही. त्यामुळे अनेकजण भारतातील मराठी उपचारकाशी व्हिडिओवर बोलतात. भाषेच्या दृष्टीने ते योग्यच. मात्र त्याचा खर्च जर्मन विमा देत नाही आणि संकटाच्या रात्री तो उपचारक दाराशी येऊ शकत नाही. आघाताच्या गंभीर विकारात येथील फॅमिली डॉक्टरला सोबत ठेवणे आवश्यक ठरते. डॉक्टरांच्या शोधयादीत उपचारकाची भाषा निवडण्याची सोय आहे. मराठी सापडणे दुर्मीळ, पण हिंदी किंवा इंग्रजी अशक्य नाही.

तिसरी अडचण चुकीच्या पत्त्याची. ‘मानसोपचारक’ ही पदवी जर्मनीत १९९९ पासून कायद्याने संरक्षित आहे. ‘कोच’ किंवा ‘ट्रॉमा तज्ज्ञ’ या पाट्या मात्र कोणीही लावू शकतो. शनिवार-रविवारच्या शिबिरात आघात ‘मुक्त’ करून देणाऱ्यांची समाजमाध्यमांवर वाण नाही. आठवण उघडी करून ती मिटवता न येणारा माणूस रुग्णाला आधीपेक्षा वाईट स्थितीत सोडतो.

चौथी अडचण घरातली. ‘आम्ही याहून वाईट दिवस काढले’ हे वाक्य खरे असते आणि तरीही ते दार बंद करते. त्या दिवसांचे ओझे कोणी वाहिले, याचा हिशेब त्या पिढीलाही द्यावासा वाटला असेल. तिला कोणी विचारले नाही, एवढेच.

प्रश्न रांगेचा आहे

व्यक्तीने संकोच सोडला तरी रांग उरतेच. जर्मनीने सप्टेंबर २०२० पासून मानसोपचारकांचे शिक्षण नव्या चौकटीत आणले, पण पदवीनंतरच्या प्रशिक्षणाच्या खर्चाचा तिढा लांबत राहिला. उद्योगांतील कपातीच्या काळात मागणी वाढेल आणि विमानिधीवरचा ताणही. अशा वेळी स्थलांतरितांचा उपचार हा चैनीचा खर्च असल्याची भाषा सुरू होणे अवघड नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्गने २०१५ मध्ये तिला उत्तर दिले होते: माणूस सावरला तर तो शिकतो, कमावतो, कर भरतो, मुले वाढवतो, न सावरल्यास त्याची किंमत पुढची पिढी मोजते.

मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासूनची भगिनीशहरे. अभियंत्यांची ये-जा झाली, उद्योगांचे करार झाले. मराठी बोलणारे मानसोपचारक येथे पात्र ठरावेत, त्यांच्या पदव्यांना मान्यता मिळणे सुलभ व्हावे, हा विषय त्या भागीदारीत अजून अग्रक्रमावर आलेला नाही. परदेशातील महाराष्ट्र मंडळे गणेशोत्सवाला सभागृह मिळवण्यासाठी जितकी खटपट करतात, त्यातील थोडी या मागणीसाठी वापरली, तर ती वाया जाणार नाही. तोवर ज्याच्या घरात कोणी रात्री दचकून उठत असेल, त्याला ११६११७ हा क्रमांक ठाऊक असणे, एवढी सुरुवात पुरेशी आहे.